खिडकी नंबर चारची मान

नाकासमोर चालणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. लग्न ठरताना मुलीकडच्यांना त्याच्याबद्दल एवढी एकच गोष्ट सांगण्यात आली होती, आणि त्यांनीही दुसरं काही विचारलं नव्हतं. तर त्या सोमवारी सकाळी तो अंथरुणातून उठला, सवयीने नाकासमोर चालू लागला आणि कपाटावर जाऊन आदळला. दार रोजच्याच जागी होतं. नाक जागेवर नव्हतं.

डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं, हनुवटी उजवीकडे वळलेली, आणि डाव्या कानामागून खाली गळ्याच्या हाडापर्यंत कोणीतरी ओलं धोतर पिळून तसंच विसरून गेल्यासारखा पीळ. त्याने हाताने डोकं धरून सरळ करून पाहिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आई गं! मान!"

"कोणाची?" पलंगाच्या कडेला बसून मुलीला पाजणाऱ्या बायकोने दचकून विचारलं आणि आधी मांडीवर पाहिलं.

"कोणाची म्हणजे? माझी!"

"हां, तुमची होय," ती म्हणाली. त्या 'होय'मध्ये सुटकेचा जो एक बारीकसा श्वास होता, तो त्याला पुढे चार दिवस खुपत राहिला.

आता हे सांगायला हवं, की त्या घरात मानेचा विषय नवा नव्हता. अडीच महिन्यांची बबडी जन्मल्यापासून जगाकडे जरा कलूनच बघत होती. डोकं उजव्या खांद्याकडे आणि तोंड कायम डावीकडे, खिडकीकडे. एका बाजूला घेतलं की आनंदाने प्यायची, दुसऱ्या बाजूला घेतलं की घर डोक्यावर घ्यायची. निजून निजून डोक्याची मागची डावी बाजू बसकी झाली होती. आणि महिनाभरापूर्वी आंघोळ घालताना बायकोच्या बोटांना मुलीच्या मानेत, उजव्या बाजूला, वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागलं होतं. त्या दिवसापासून रात्रंदिवस तिची बोटं तिथेच जात होती आणि मन त्याहून वाईट ठिकाणी.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लहान मुलांच्या माना लोण्याच्याच असतात. पंधरा दिवस बघू." पंधरा दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "अजून पंधरा दिवस बघू." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने वर्तमानपत्रही खाली घेतलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हाही लहानपणी कायम खिडकीकडेच बघायचा. आता बघ, खिडकीतच बसतो." लस टोचायला नेलं तेव्हा तिथल्या नर्सने सुई मोडता मोडता निर्वाळा दिला, "मान धरायला लागली की होईल सरळ. पुढचं बाळ!"

सासूबाई म्हणाल्या ते खरं होतं. तो पाणीखात्यात तक्रार निवारण कक्षात खिडकी नंबर चारवर बसायचा. नळाला पाणी नाही, आहे तर गढूळ आहे, मीटर उलटं फिरतंय, रस्त्यातली पाइप फुटून अंगणात तळं झालंय, असल्या तक्रारी घेऊन माणसं यायची. तो मान खाली घालून अर्ज ओढून घ्यायचा, शिक्का मारायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "पंधरा दिवसांनी या." अकरा वर्षांत त्याने नागरिकांचे फक्त हात पाहिले होते. हातावरून तो माणूस ओळखायचा, आणि ओळखूनही पंधरा दिवसच सांगायचा. खात्यात त्याचं नावच 'पंधरा दिवस' पडलं होतं. "आज पंधरा दिवस रजेवर आहे," असं कोणी म्हटलं की नव्या माणसाला वाटायचं, याची रजा भलतीच मोठी.

पण मान स्वतःची असली की पंधरा दिवस फार मोठे होतात.

अर्ध्या तासात सगळी इमारत त्यांच्या दिवाणखान्यात होती. बबडीची मान अडीच महिने वाकडी होती तेव्हा एक चिटपाखरू फिरकलं नव्हतं. पण ती मान किती, मुठीएवढी. ही कर्त्या पुरुषाची मान.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आधी आले. चाळीस वर्षं मुलांच्या माना सरळ करण्यात गेल्यामुळे या विषयावर आपला अधिकार आहे अशी त्यांची पक्की समजूत होती.

"उशी!" ते दारातूनच गरजले. "उशी फेकून दे, बाळ. माणूस उशीला लागला आणि माणसाचा कणा गेला."

"एक उशी वाईटच," तळमजल्यावरचे शिंपीकाका मागून म्हणाले. "दोन घ्यायच्या. एकीवर डोकं, दुसरीवर खांदा. आणि मास्तर, मानेतलं मला सांगू नका. याची कॉलर मी शिवतो. साडेपंधरा. याची मान माझ्याइतकी कोणाला माहीत?"

"माप माहीत आहे, मान नव्हे!"

"माप कशाचं घेतो मग मी? वहीचं?"

उशी नकोच की दोन हव्यात, यावर दोघांची जुंपली. त्या भरात दोघांपैकी कोणाचंच रोग्याकडे लक्ष राहिलं नाही. एवढ्यात आईने मिठाची गरम पुरचुंडी आणून त्याच्या मानेवर दाबली. ती जरा जास्तच गरम होती. त्याने मारलेल्या बोंबेवरून मास्तरांनी आजाराची तीव्रता 'गंभीर' ठरवली.

"डॉक्टरला दाखवता का?" बायकोने विचारलं. "मी बबडीची वेळ घेतच होते, तुमचीही–"

"मानेला काय डॉक्टर लागतो?" तो म्हणाला. आणि हे म्हणताना मान हलवायचा मोह झाल्याने पुन्हा 'आई गं' म्हणाला.

रजेसाठी त्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "मान आखडली? तुम्हाला मानेने लिहायचं असतं का? या." वैद्यकीय रजेच्या अर्जात आजाराचे प्रकार छापलेले होते. ताप होता, हगवण होती, अस्थिभंग होता, 'इतर गंभीर' होतं. मान नव्हती. 'इतर गंभीर'वर खूण करायची तर सोबत दोन डॉक्टरांच्या सह्या लागायच्या, आणि त्या सह्या आणायला जायची तर आधी रजा लागायची.

तेव्हा तो निघाला. बसमध्ये सरळ बसला तर नाक उजवीकडच्या प्रवाशाच्या खांद्यावर. तो प्रवासी मोबाइलवर काहीतरी खाजगी वाचत होता. दोन थांबे त्याने सोसलं. तिसऱ्याला म्हणाला, "काय साहेब, उत्तर पण तुम्हीच लिहून देता का?" जागा सोडून हा उभा राहिला तर उजवीकडे एक बाई. तिने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि पर्स छातीशी धरून मोठ्याने म्हणाली, "वयाला शोभत नाही!" मान आखडली आहे हे सांगायला त्याने तिच्याकडे वळायला हवं होतं. वळता येत नव्हतं म्हणून तर हे सगळं रामायण! शेवटचे दोन थांबे तो उतरून चालत गेला. नाकासमोर नव्हे. खेकड्यासारखा.

खिडकीवर मात्र चमत्कार घडला.

नाक समोर आणायचं तर खुर्ची डावीकडे फिरवून तिरकं बसावं लागत होतं. मान खाली जात नव्हती, म्हणून अर्ज डोळ्यांपुढे धरावा लागत होता, आणि अर्जाच्या मागे माणसाचं तोंड दिसत होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, की हा गृहस्थ अंग पुढे झुकवून, मान हळुवार कलती करून, समोरच्याचं दुःख कानात साठवून घेतोय. त्यात प्रत्येक कळीसरशी तोंडातून एक 'अरेरे' निसटत होतं.

पहिल्याच एक पांढऱ्या केसांच्या आजी होत्या. तीन महिने येत होत्या. "चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी चढवते. बादलीने. सत्तर पायऱ्या."

कळ आली. "अरेरे," तो म्हणाला.

आजींचे डोळे भरले. "तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं." त्या अर्ज न देताच परत निघाल्या होत्या, एवढं त्यांना बरं वाटलं होतं.

संध्याकाळपर्यंत अभिप्रायाच्या वहीत सात नोंदी झाल्या. ती वही अकरा वर्षं कोरी असल्याने शिपाई तिच्यावर डबा ठेवायचा. 'खिडकी नंबर चारवरील कर्मचारी मनापासून ऐकतात.' 'असा माणूस सरकारी वाटत नाही.' काम एकाचंही झालं नव्हतं, हे वेगळं. पाणी चौथ्या मजल्यावर चढलं नव्हतं. पण माणसं हलक्या मनाने जात होती, आणि हलक्या मनाने गेलेला माणूस पुन्हा लवकर येत नाही, हे साहेबांच्या तेव्हाच लक्षात आलं. ते स्वतः येऊन दहा मिनिटं त्याच्याकडे निरखून बघत उभे राहिले.

"किती अंश असेल हो हा कल?" त्यांनी विचारलं. "वीस?"

मंगळवारी शिंपीकाकांनी कॉलरच्या आतला कडक कापडी पट्टा चार पदरी शिवून त्याच्या गळ्यात घातला. "मान हलायलाच नको," ते म्हणाले. मान हलेनाशी झाली. त्याला बोलता येईना, गिळता येईना, आणि हनुवटीखाली काय चाललंय ते दिसेना म्हणून दिवसभरात त्याने चार शिक्के स्वतःच्या अंगठ्यावर मारले. अंगठ्याला पोच मिळाली.

बुधवारी मास्तरांनी त्याला हाताला धरून आपल्या न्हाव्याकडे नेलं. "एका झटक्यात मोकळी करतो. माझी दर महिन्याला मोडून घेतो मी."

न्हावी हसतमुख होता. असली माणसं हसतमुखच असतात. त्याने एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा टाळूवर ठेवला आणि विचारलं, "काय म्हणतायत, घरी सगळं ठीक?" उत्तरासाठी तोंड उघडलं तोच 'कट्'. दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांनी आपापल्या माना धरल्या. पाच मिनिटं त्याला खरोखरच मोकळं वाटलं. मास्तरांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. गुरुवारी सकाळी उठला तेव्हा डाव्या कानाची आणि खांद्याची जवळजवळ भेट झाली होती.

या चार दिवसांत त्याला जगातली एक वस्तू सरळ दिसली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ कललेलं, कॅलेंडर कललेलं, आई-वडिलांचा फोटो कललेला. बुधवारी संध्याकाळी चिडून त्याने उठून ते सगळं आपल्या डोळ्यांना सरळ करून टाकलं, आणि आईने "घरात भूकंप झालाय का?" म्हणत पुन्हा होतं तसं केलं. दोघांची तासभर ही रस्सीखेच चालली. तेवढा तासभर बायको बबडीला पालथी घालून, तिच्या उजव्या बाजूला खुळखुळा वाजवत बसली होती. बबडी खिडकीकडे बघत होती.

"अहो, जरा इकडे येऊन बघता का?" तिने एकदा म्हटलं.

"कसं बघू? मला इकडे वळता येतं का?" तो तावातावाने म्हणाला. "या घरात माझ्या मानेची कोणाला पर्वाच नाही!"

यावर तिने खुळखुळा खाली ठेवला आणि त्याच्या ऑफिसच्या पिशवीत काहीतरी शोधू लागली. तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं.

गुरुवारी खिडकीवर रांग बाहेरच्या जिन्यापर्यंत गेली होती. ऐकणारा माणूस बसलाय, ही बातमी गावभर झाली होती. काहींना तर पाण्याची तक्रारच नव्हती, सुनेची होती. न्हाव्याच्या कृपेने त्याला बसवत नव्हतं, कळा येत होत्या, 'अरेरे'ची संख्या वाढली होती आणि लोक डोळे पुसत परतत होते. अकरा वाजता तो थकला, त्याने डोळे मिटून घेतले आणि पुढचा अर्ज न बघताच ओढला. अकरा वर्षांची जीभ आपोआप वळली.

"पंधरा दिवसांनी या."

"चौथ्यांदा?" खिडकीपलीकडून आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. त्याने घाईघाईने अर्ज डोळ्यांपुढे धरला. खात्याचाच छापील नमुना होता, रीतसर भरलेला. अर्जदार: आई. तक्रारीचे स्वरूप: मुलीची मान एका बाजूला कलते, दुसऱ्या बाजूला वळत नाही, मानेत गाठ लागते. तक्रार कधीपासून: जन्मापासून. यापूर्वी तक्रार केली होती का: होय, तीन वेळा, तोंडी. मिळालेले उत्तर: पंधरा दिवस बघू.

"अगं, तू इथे? हे काय, घरचं ऑफिसात–"

"घरी तुमची खिडकी बंद असते," ती म्हणाली.

"सांग गं, सांग सगळं," तिच्या मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या आजी म्हणाल्या. "फार मायाळू आहे हा. मान वाकडी करून ऐकतो."

"मानच घरी आणतात हो आजी," बायको म्हणाली. "ऐकणं इथेच ठेवून येतात."

रांग हसली. त्याचे कान तापले. निदान उजवा तापला. डावा खांद्यावर दबलेला असल्याने त्याचं काही सांगता येत नाही. काहीतरी ठणकावून बोलावं म्हणून त्याने अर्ज बाजूला केला, आणि समोर बायकोच्या दोन्ही हातांत, तिच्या छातीला पाठ टेकून बबडी होती.

बबडी सरळ दिसत होती.

चार दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी सरळ दिसलं. बायको कललेली होती, आजी कललेल्या होत्या, मागची भिंत, घड्याळ, 'शांतता राखा'ची पाटी, सगळं तिरपं. मधोमध तो एक इवलासा चेहरा, दोन डोळे आडव्या रेषेत, नाक नाकाच्या जागी, अगदी फूटपट्टीने आखल्यासारखा. त्याला इतकं बरं वाटलं, की तो हसला. मग त्याने खिडकीच्या काचेत स्वतःचं पुसट प्रतिबिंब पाहिलं. त्याचं डोकं आणि तिचं डोकं, दोन्ही एकाच बाजूला, एकाच कोनात झुकलेली. जे आज त्याला सरळ दिसत होतं, ते सरळ असणं शक्यच नव्हतं.

त्याला चार दिवस झाले होते. चार दिवसांत त्याने इमारत उठवली होती. ही अडीच महिने अशी होती, आणि तिला 'आई गं'सुद्धा म्हणता येत नव्हतं.

"दुखत असेल का गं तिला?" त्याने विचारलं. आवाज खिडकीच्या नियमात बसणारा नव्हता.

बायकोचा चेहरा क्षणभर हलला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "तेच विचारायला निघालेय. साडेअकराची वेळ आहे. मला तुमची परवानगी नकोय, फक्त पोच द्या. उद्या कोणी म्हणायला नको, सांगितलं नव्हतं म्हणून."

त्याने पोच दिली. शिक्का अर्जावर बसला. मग त्याने खणातून 'खिडकी बंद आहे' ही पाटी काढली. ती रोज सव्वा वाजता जेवणासाठी लागायची. आज अकरा वाजून पाच मिनिटांनी लागली. "आणि आमचं?" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "जाऊ द्या रे त्याला," आजी म्हणाल्या, "दिसत नाही का, पोराची मान आहे!" साहेब केबिनमधून धावत आले. "अहो, कुठे? आज पाहणी आहे! वरिष्ठांना तुमचा कोन दाखवायचाय!" तो वळला नाही. वळू शकलाच नसता, पण साहेबांना ते निर्धारासारखं दिसलं.

डॉक्टरबाईंनी बबडीला मऊ गादीवर निजवलं, आणि त्यांचे हात पाहून बायकोच्या खांद्यांवरचं ओझं अर्धं तिथेच उतरलं. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. डोकं दोन्ही हातांत धरून अलगद इकडे वळवलं, तिकडे वळवलं, जिथे अडलं तिथे थांबल्या. एक लाल चेंडू फिरवून डोळे त्याच्यामागे जातात का पाहिलं. दोन्ही पाय दुमडून कमरेचे सांधेही तपासले.

"ही गाठ–" बायको म्हणाली. महिनाभर ती या एका शब्दापाशी येऊन थांबत होती.

"ती वाईट गाठ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कानामागून गळ्यापर्यंत जाणारा हा स्नायू आहे ना, तो एका बाजूचा आखूड आणि घट्ट झालाय. पोटात अवघडून राहिली असेल, किंवा जन्मताना ताण बसला असेल. अशा बाळांत ही गाठ लागते आणि हळूहळू विरते. म्हणून एकीकडे कलते, दुसरीकडे वळवत नाही, एकाच बाजूने पिते, एकाच बाजूला निजून डोकं बसतं. हे सगळं तुमच्या लक्षात आलं?"

"आलं."

"कधी?"

"तिसऱ्या आठवड्यात."

"मग आणायला इतके दिवस?"

बायको छताकडे बघत राहिली. तो दुसरीकडे बघू शकला असता तर त्यानेही बघितलं असतं.

"मी पंधरा दिवस बघू म्हणालो होतो," तो म्हणाला. "तीनदा."

"अजून उशीर झालेला नाही, हे तुमचं नशीब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांच्या आत सुरू केलं तर बहुतेक बाळं नुसत्या व्यायामाने सरळ होतात. वर्ष घालवलं असतं तर कदाचित सुरी लागली असती."

पुढच्या टेबलावरच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई ताठ आणि तिखट होत्या. त्यांनी बायकोला मान कशी धरायची, किती ताणायची, कुठे थांबायचं ते दाखवलं. दिवसातून पाच-सहा वेळा, बाळ रडायला लागेल इतकं कधीच नाही. जागी असताना पालथी घालायची, समोर बसून खेळवायचं. पाळणा फिरवायचा, म्हणजे खिडकी दुसऱ्या बाजूला येईल. खुळखुळा, दिवा, माणूस, जे काही बघावंसं वाटेल ते सगळं तिच्या उजवीकडे. मग त्यांची नजर त्याच्यावर पडली.

"आणि हे? बाळाची नक्कल करताय?"

"आखडलीय. सोमवारपासून."

"पडलात? ताप? हातांना मुंग्या, हातातून वस्तू सुटणं? डोकं भयंकर दुखतंय? गिळायला त्रास? कसली नवीन गोळी सुरू केली होती?"

"गिळायला त्रास झाला मंगळवारी. पण तो शिंपीकाकांचा पट्टा होता."

"आणखी काय काय केलंत?"

त्याने न्हाव्याचं सांगितलं. बाईंनी हातातला चेंडू खाली ठेवला. "त्या माणसाच्या हातात तुम्ही मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या दिल्यात, कळतंय का? तुमच्या मुलीची मान आम्ही दोन बोटांनी धरतो आणि तुम्ही तुमची बाटलीच्या बुचासारखी फिरवून घेता!" त्यांनी त्याची बोटं, दंड, पकड सगळं तपासलं, आणि काही बिघडलं नाही हे पाहून जरा निराशच झाल्यासारख्या दिसल्या. "गरम शेक. सोसेल तेवढीच हालचाल, पण हालचाल करायची. दुखलं तर साधी गोळी, डॉक्टरांना विचारून. पट्टा फेकून द्या. आठवडाभरात सुटेल. मुंग्या आल्या, ताप आला तर मात्र लगेच या."

"एवढंच?"

"एवढंच. तुमचं सोपं आहे, तुमच्यासाठी सगळं घर असेल." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो बायकोच्या हातात दिला. "आणि हिला पुन्हा दाखवायला पंधरा दिवसांनी या."

बायको हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. महिनाभर साठलेलं सगळं त्या हसण्यावाटे बाहेर पडत होतं. बाईंना काही कळेना. त्याला कळलं, आणि मान खाली घालता येत नसल्याने तो तसाच तोंड वर करून उभा राहिला.

त्याची मान रविवारी सुटली, शेकाने आणि काहीच न केल्याने. मास्तरांनी श्रेय न्हाव्याला दिलं, शिंपीकाकांनी पट्ट्याला, आईने मिठाला. सोमवारी तो खिडकीवर सरळ बसला. आजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या हळहळल्या. "बरा झालास होय रे? वाईट झालं." साहेबांनी तर 'सर्व खिडक्यांवरील कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत मान सुमारे वीस अंश कलती ठेवावी' असं परिपत्रकच काढलं. आता आठही खिडक्यांवर आठ माना कलत्या असतात आणि चौथ्या मजल्यावर अजून पाणी चढत नाही. त्याने आजींचा अर्ज मात्र स्वतः हातात घेऊन तीन टेबलं फिरवला. पंप बसायचा आहे. कधी, असं आजींनी विचारलं तेव्हा त्याने पंधरा दिवस म्हटलं नाही. "माहीत नाही, विचारून सांगतो," म्हणाला. हे वाक्य त्या कक्षात पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं.

खरी शिक्षा घरी होती. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर 'उजवीकडचा माणूस' म्हणून त्याची नेमणूक झाली. पाळणा फिरवला होता. बबडीला गादीवर घ्यायचं आणि त्याने तिच्या उजव्या बाजूला, जमिनीवर पोटावर पडून, ती आपल्याकडे बघेल याची वाट बघायची. बायको शेजारी बसून हलक्या हाताने व्यायाम द्यायची, मग उठून आत जायची. तो उरायचा.

तो खुळखुळा वाजवायचा. बबडी डावीकडे बघायची. डावीकडे आता नुसती भिंत होती. तिला भिंत चालत होती. तो मांजर झाला, बस झाला, शिट्टी झाला. ऑफिसातून आणलेला शिक्का हवेत नाचवला. बबडी मख्ख. अधूनमधून तिची मान त्याच्या बाजूला दोन बोटं वळायची, अडायची, आणि परत भिंतीकडे. मान वर करून कोण आलंय हे बघायची तिला जणू इच्छाच नव्हती. दहाव्या दिवशी, हनुवटीखाली हात घेऊन पडल्या पडल्या, त्याच्या लक्षात आलं की खिडकीपलीकडे उभं राहणं म्हणतात ते हेच. आपण आहोत, आपलं काम खरं आहे, आणि समोरचा बघतच नाही. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "तीन महिने येतोय मी. जरा ऐकून घ्या." बबडीने एक मोठा बुडबुडा काढला आणि भिंतीला दाखवला.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी त्याच्याकडे करमणुकीचं काही उरलं नव्हतं. खुळखुळा बाजूला पडला होता. तो नुसता पडून तिला दिवसभराचं सांगत होता: पंपाचा कागद आज सही होऊन आला, साहेबांची स्वतःची मान परिपत्रकापायी आखडली, आजींना उद्या फोन करायचाय. आवाज न चढवता, एकापुढे एक. बोलता बोलता त्याला दिसलं, की गादीवरचं ते डोकं हलतंय. हळूहळू, थांबत, एखादं जड दार आतून कोणी ढकलावं तसं. भिंत सुटली. छत आलं. मग छतही सुटलं, आणि दोन काळेभोर डोळे थेट त्याच्यावर येऊन थांबले. हलला तर ती परत वळेल म्हणून त्याने नाकावर बसलेली माशीही तशीच राहू दिली.

बबडीने त्याला वरपासून खालपर्यंत तपासून पाहिलं. कागदपत्रं पुरी आहेत की नाहीत याचा अंदाज घेतला. आणि मग, तोंडभर, बिनदातांचं हसली.

आतून बायकोला त्याचा आवाज अचानक बंद झालेला जाणवला. ओले हात पुसत ती दारात आली, आणि तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली.

"काय हो," मग ती म्हणाली, "लागला का नंबर?"